पाच अक्षरांचा शब्द



ज्या सरांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान योजले आहे, ते आम्हांला इंग्रजी शिकवीत असत. मी जन्मभर अध्यापन केले ते मराठीचे. तेव्हा मराठीच्या एका निवृत्त अध्यापकाने इंग्रजी शब्दांच्या अक्षरांविषयी बोलावे, हे काहींना अनधिकार चर्चेसारखे वाटेल. परंतु या विषयाचे माझ्यावर एक जुने ऋण आहे आणि ते याच वास्तूत फेडावे असे मला वाटले. ऋण कोणते, ते शेवटी सांगेन.

निमित्त माझ्या नातीचे घडले. रोज सकाळी ती मोबाईलवर एक खेळ खेळते. पाच अक्षरांचा एक इंग्रजी शब्द ओळखायचा आणि त्यासाठी संधी सहा. आपण लिहिलेल्या शब्दातले अक्षर योग्य जागी असेल तर घर हिरवे होते, अक्षर शब्दात असून जागा चुकली असेल तर पिवळे, आणि मुळीच नसेल तर करडे. जॉश वॉर्डल नावाच्या गृहस्थांनी तयार केलेला हा ‘वर्डल’ नावाचा खेळ ऑक्टोबर २०२१ मध्ये लोकांसमोर आला आणि जानेवारी २०२२ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने तो विकत घेतला. एके दिवशी नात म्हणाली, “आजोबा, शेवटची चार अक्षरे मिळाली. आय, जी, एच, टी. पहिले सांगा.” मी चटकन ‘लाइट’ म्हणालो. ती हसून म्हणाली, “लाइट, नाइट, राइट, साइट, फाइट, माइट, टाइट, शिवाय एट. आठ शब्द झाले आणि माझ्याकडे संधी उरल्या तीन!”

या आठ शब्दांनी मला विचारात पाडले. अमुक अक्षरे समान आणि लांबी ठरलेली, अशा शब्दांचे हे कुटुंब कसे तयार झाले? मराठीत असा खेळ मांडता येईल का? आणि हे प्रश्न आमच्या विद्यार्थिदशेत आम्हांला कोणी का घातले नाहीत?

न उच्चारलेली दोन अक्षरे

‘नाइट’ म्हणजे रात्र. इंग्रजीत ती एन-आय-जी-एच-टी अशी लिहितात. मधले जी आणि एच कोणी उच्चारीत नाही. आम्ही विद्यार्थी ही निव्वळ विक्षिप्तता समजत होतो. वस्तुतः हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत हा शब्द ‘निख्त’ असा काहीसा उच्चारला जात असे. जर्मन भाषेत रात्रीला आजही ‘नाख्ट’ म्हणतात. लॅटिनमध्ये याच शब्दाच्या अंगात ‘नोक्त’ आहे आणि आपल्या संस्कृतात ‘नक्त’ आहे. व्रतवैकल्यांत दिवसभर उपोषण करून रात्री एकदा जेवण्याला आपल्या आज्या ‘नक्त’ म्हणत, तोच हा शब्द. म्हणजे इंग्रजी शब्दातले मुके जी-एच हे आपल्या ‘नक्त’मधल्या ‘क्’चे अवशेष आहेत.

‘एट’ म्हणजे आठ, हाही त्याच घरातला. जुन्या इंग्रजीत ‘एआख्ता’, जर्मनमध्ये ‘आख्ट’, लॅटिनमध्ये ‘ऑक्टो’, संस्कृतात ‘अष्ट’. ‘राइट’चे नाते लॅटिन ‘रेक्तुस’शी आणि संस्कृत ‘ऋजु’शी आहे. १७८६ साली कलकत्त्यात सर विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या एकाच मूळ भाषेच्या शाखा असाव्यात असे प्रतिपादन केले. १८२२ मध्ये याकोब ग्रिम यांनी जर्मानिक भाषांतील व्यंजनबदलांचे नियम मांडले. मूळचा ‘क्’ इंग्रजी-जर्मनच्या घराण्यात ‘ह्’ किंवा ‘ख्’कडे कसा झुकला, हे या नियमांनी उलगडते.

आता ‘आठ’कडे पाहा. संस्कृत ‘अष्ट’, प्राकृत ‘अट्ठ’, मराठी ‘आठ’. मधले व्यंजन आपण उच्चारात गाळले आणि लेखनातही गाळले. इंग्रजांनी ते उच्चारात गाळले, पण लेखनात ठेवले. असे का झाले? विल्यम कॅक्स्टनने १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टर येथे छापखाना घातला, तेव्हा इंग्रजीचा उच्चार वेगाने पालटत होता. साधारण १४०० ते १७०० या काळात दीर्घ स्वरांची सारी मांडणीच सरकली. जुना ‘ई’ हा ‘आइ’ झाला. इकडे छपाईमुळे लेखन हळूहळू स्थिर होत गेले. बोलणे पुढे गेले, लिहिणे मागे राहिले.

सगळीच मुकी अक्षरे मात्र अशी कुलीन नाहीत. ‘डाउट’ हा पाच अक्षरांचा शब्द घ्या. त्यातला बी फ्रेंचमधून शब्द आला तेव्हा नव्हता. लॅटिन ‘दुबितारे’ची आठवण ठेवून पंडितांनी तो मागाहून घुसवला. ‘घोस्ट’मधला एच हा कॅक्स्टनच्या छपाईतून आलेला, फ्लेमिश वळणाचा. ‘क्वीन’ पूर्वी सी-डब्ल्यूने लिहीत. १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर तिकडच्या लेखनिकांनी आपल्या पद्धतीने क्यू-यू लिहायला सुरुवात केली. ‘क्विक’ची गोष्ट तीच. त्याचा मूळ अर्थ ‘जिवंत’, आणि आपला ‘जीव’ त्याचा दूरचा भाऊ. इंग्रजी शब्दातली अक्षरे ही केवळ ध्वनीची खूण नसून पुष्कळदा इतिहासाची नोंद असते, ती अशी. कधी ही नोंद खरी असते, कधी उगाच केलेली.

अक्षरांची शिरगणती

इंग्रजीत सर्वाधिक वापरले जाणारे अक्षर ‘ई’. साधारण मजकुरात शंभरांत बारा-तेरा वेळा ते येते. मोर्सच्या तारसंकेतात ‘ई’ला केवळ एक बिंदू आणि ‘टी’ला केवळ एक रेघ दिली आहे, ती याच हिशेबाने. जे वारंवार पाठवायचे ते थोडक्यात असावे. पुढे १९३० नंतरच्या मंदीत बेकार झालेले अमेरिकन वास्तुविशारद आल्फ्रेड बट्स यांनी वर्तमानपत्रांच्या पानांवरची अक्षरे मोजून एक खेळ रचला. तोच १९४८ पासून ‘स्क्रॅबल’ या नावाने ओळखला जातो. त्यातल्या शंभर सोंगट्यांत ‘ई’च्या बारा आहेत, तर ‘क्यू’ आणि ‘झेड’ची एकेकच, पण गुण दहा. ‘एस’ मात्र बट्स यांनी मुद्दाम चारच ठेवल्या. नाही तर जो तो शब्दाचे अनेकवचन करून गुण मिळवील!

ठरावीक लांबीच्या शब्दांचे कोडे त्याहून जुने. ‘अॅलिस’कार लुइस कॅरल यांनी १८७७ च्या नाताळात असा खेळ रचला आणि १८७९ मध्ये तो ‘व्हॅनिटी फेअर’ नियतकालिकातून छापून आला. एका वेळी एकच अक्षर बदलायचे, लांबी तीच ठेवायची आणि प्रत्येक पायरीवर खरा शब्द हवा. ‘कॅट’चे ‘कॉट’, ‘कॉट’चे ‘कॉग’, ‘कॉग’चे ‘डॉग’. तीन पायऱ्यांत मांजराचा कुत्रा होतो. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नूथ यांनी पाच अक्षरांच्या ५,७५७ इंग्रजी शब्दांची यादी करून त्यांचे जाळे तपासले. हे काम १९९३ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. त्यांतल्या ६७१ शब्दांना एक अक्षर बदलून मिळणारा शेजारी एकही नाही. अशा एकाकी शब्दांना त्यांनी ‘अलूफ’, म्हणजे अलिप्त, म्हटले. आणि गंमत अशी की ‘अलूफ’ हा पाच अक्षरांचा शब्द स्वतःही त्यांच्यातच मोडतो.

येथे थोडे गणित करू. सव्वीस अक्षरांतून पाच घरे भरण्याचे प्रकार १,१८,८१,३७६ होतात. क्नूथ यांच्या यादीशी ताडून पाहिले तर सुमारे दोन हजार मांडण्यांपैकी एक मांडणी शब्द ठरते. बाकीच्या का ठरत नाहीत? कारण स्वर-व्यंजनांची जागा भाषा ठरवते. ‘क्यू’नंतर बहुधा ‘यू’च येणार, शेवटच्या घरात ‘एस’, ‘ई’ किंवा ‘वाय’ येण्याचा संभव मोठा, आणि ‘जी-एच-टी’ शब्दारंभी येणारच नाहीत. शब्द ओळखणारा पाठांतराने जिंकत नाही. या बंधनांच्या जाणिवेने जिंकतो.

माझ्या नातीने त्या आठ शब्दांचे कोडे असेच सोडवले. एकेक शब्द घालून पाहत बसली असती तर संधी संपल्या असत्या. तिने ‘फिल्म्स’ हा शब्द घातला: एफ-आय-एल-एम-एस. उत्तर तो नाही हे तिला ठाऊक होते. पण एका फटक्यात एफ, एल, एम आणि एस या चारांचा निकाल लागला. चारही घरे करडी निघाली. मग तिने ‘एंटर’ घातला: ई-एन-टी-ई-आर. त्यात एन पिवळा झाला. उरला ‘नाइट’. ई, एन, आर यांतले काहीच निघाले नसते, तर ‘टाइट’ उरला असता. दोन संधींत आठ शब्दांची छाननी होऊन तिसरी संधी उत्तराला मिळाली. न्यायशास्त्रात आपण ज्याला परिशेष म्हणतो, तोच हा मार्ग.

आपले अक्षर निराळे

आता मराठीकडे वळू. ‘लेटर’ला आपण ‘अक्षर’ म्हणतो खरे, पण दोन्ही एक नव्हेत. आपल्या व्याकरणात वर्ण म्हणजे ध्वनी आणि अक्षर म्हणजे स्वर मिसळून पूर्ण उच्चारता येणारे एकक. ‘हार्ट’ आणि ‘अर्थ’, म्हणजे हृदय आणि पृथ्वी, हे इंग्रजीत एच, ई, ए, आर, टी याच पाच अक्षरांचे बनलेले आहेत. क्रम तेवढा वेगळा. देवनागरीत लिहिले की प्रत्येकी दोनच अक्षरे उरतात आणि त्यांत समान असे एकही नाही. इंग्रजी अक्षर डोळ्याने मोजायचे असते, आपले अक्षर तोंडाने.

या भेदाचे परिणाम दूरवर पोचतात. चौतीस व्यंजनांची बाराखडी केली की ४०८ अक्षरे होतात. सुटे स्वर आणि जोडाक्षरे निराळीच. एवढ्यांतून तीनच घरे भरायची म्हटली तरी ६,७९,१७,३१२ मांडण्या होतात. म्हणजे आपली तीन घरे इंग्रजीच्या पाच घरांहून अधिक विस्तीर्ण आहेत. मराठी शब्दकोडे रचणाऱ्याला हे अनुभवाने ठाऊक असते. आडव्या शब्दातला ‘की’ उभ्या शब्दातही ‘की’च हवा, ‘क’ चालत नाही.

दुसरा भेद प्रत्ययांचा. इंग्रजी ‘हाउस’ पाच अक्षरांचा, आणि ‘घरात’, ‘घरापासून’ म्हणायचे असले तरी तो पाचांचाच राहतो, कारण शब्दयोगी भाग सुटा लिहितात. एके काळी इंग्रजीलाही विभक्ती होत्या: हूस, हूसेस, हूसे, हूसुम. त्या झडल्या म्हणून शब्दाची लांबी स्थिर झाली. मराठीत ‘घर’ दोन अक्षरांचे, ‘घराला’ तीन, ‘घरापासून’ पाच. शब्दाचे मूळ रूप धरायचे की चालते रूप, हे ठरवल्याविना आपल्याकडे लांबीचा खेळ सुरूच होत नाही.

तरीही तीन अक्षरांची शिडी मराठीत सुरेख रचता येते. ‘गजर’, ‘नजर’, ‘नगर’, ‘मगर’, ‘मकर’. शेवटच्या पायरीवर तर खेळ आणि इतिहास एकच झाले, कारण ‘मगर’ हा ‘मकर’चाच बदललेला उच्चार.

अक्षरे मोजणे आपल्याला नवे नाही. अभंगाचे चरण आपण सहा, सहा, सहा आणि चार असे अक्षरांनीच मोजतो. अक्षरांची बंधने घालून रचनाही पुष्कळ झाली. मोरोपंतांच्या अनेक रामायणांत एक ‘निरोष्ठ रामायण’ आहे. त्यात प-वर्गासारखी ओठांनी उच्चारायची अक्षरे वर्ज्य. म्हणजे ‘म’ही वर्ज्य, आणि म्हणून ‘राम’ हे नावच न घेता रामकथा सांगायची! त्यांच्या पुष्कळ आधी दंडीच्या ‘दशकुमारचरिता’तला मंत्रगुप्त ओठ दुखावल्यामुळे आपली कथा ओष्ठ्य वर्णांविना सांगतो. इंग्रजीत अर्नेस्ट व्हिन्सेंट राइट यांनी १९३९ मध्ये ‘गॅड्सबी’ ही पन्नास हजारांहून अधिक शब्दांची कादंबरी ‘ई’ हे अक्षर टाळून लिहिली. दोन्ही बंधने कठीणच. पण त्यांनी वर्ज्य केले ते पानावरचे एक चिन्ह आणि आपण वर्ज्य केले ते मुखातले एक उच्चारस्थान. दोन परंपरांची वृत्ती यात दिसते.

आपल्या अभिमानाची परीक्षा

“आपण बोलतो तसे लिहितो, इंग्रजी लिहिते एक आणि बोलते एक.” वर्गात मी हे वाक्य किती वर्षे अभिमानाने सांगितले! आज ते अर्धेच खरे वाटते. बडोद्यात वाढलेल्यांना वेगळा पुरावा नको. ‘ज्ञान’ लिहून आपण घरात ‘द्न्यान’ म्हणतो, गुजराती शेजारी ‘ग्नान’ म्हणतो आणि हिंदी शिक्षक ‘ग्यान’ म्हणत. मुळातला ‘ज्ञ’ तिघांनीही सोडला, लेखनात मात्र तिघांनी सांभाळला. ‘चमचा’ आणि ‘चार’ यांतला ‘च’ एक नाही, पण चिन्ह एकच. ‘घर’ला दोन अक्षरे मोजतो आणि उच्चारतो ‘घर्’. इंग्रजी ‘नोन’, म्हणजे ज्ञात, याच्या आरंभी मुका ‘के’ असतो म्हणून आपण हसतो. पण तो ‘के’ आणि आपल्या ‘ज्ञा’तला ‘ज्’ एकाच मुळातून निघाले आणि दोघांवरही सारखाच प्रसंग ओढवला.

हे ध्यानी आले असते तर परक्या भाषेची भीती थोडी कमी झाली असती. याच शहरात १९३१ साली सयाजीराव महाराजांच्या प्रेरणेने ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ निघाला. राज्यकारभारातल्या इंग्रजी शब्दांसमोर मराठी, गुजराती, संस्कृत, फारसी अशा अनेक भाषांतले प्रतिशब्द त्यात मांडलेले आहेत. शब्द शेजारी शेजारी ठेवले की एकमेकांवर प्रकाश टाकतात, ही दृष्टी आपल्या गावाची होती. आमच्या वर्गात ती पोचली नव्हती.

ते ऋण

आता ऋणाविषयी. आठवीत आमचे इंग्रजी सुरू झाले. माझ्या बाकावर एक मित्र बसत असे. गणितात तो माझ्या पुष्कळ पुढे, कविता एकदा ऐकून पाठ करणारा. पण त्याचे इंग्रजी स्पेलिंग जुळत नसे. ‘नाइट’ तो एन-आय-टी लिही, पुढे ई जोडी, आणि विचारी, “ऐकू येत नाही ते का लिहायचे?” प्रश्न बरोबर होता. उत्तर म्हणून त्याला तो शब्द पन्नास वेळा लिहायला मिळे. शालान्त परीक्षेत तो इंग्रजीत नापास झाला, दुसऱ्या वेळी पुन्हा झाला आणि रावपुऱ्यातल्या एका छापखान्यात खिळे जुळवायला लागला.

काही वर्षांनी मी माझ्या प्रबंधाच्या निमित्ताने त्या छापखान्यात गेलो. तो इंग्रजी मजकूर जुळवीत होता; उलटा, आरशातल्यासारखा, खाली न पाहता. मी चकित झालो. त्याने मला खिळ्यांची पेटी दाखवली. “हा सगळ्यांत मोठा खाना ‘ई’चा. ‘टी’, ‘ए’, ‘एन’ हाताजवळ. ‘क्यू’, ‘झेड’ कोपऱ्यात. जी-एच-टी तर बोटे एकदमच उचलतात.” मग मराठीची पेटी दाखवून म्हणाला, “हिचे खाने कितीतरी जास्त. तरी हिची मला कधी भीती वाटली नाही.” मी वर सांगितलेली अक्षरांची शिरगणती त्याच्या बोटांत होती. वर्गात जे त्याला कोणी समजावले नाही, ते शिशाच्या खिळ्यांनी समजावले होते.

ही हकिगत मी सरांना सांगितली. सर बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “त्याला इंग्रजीने नापास केले नाही. मी केले.” मी म्हणालो, दोष पद्धतीचा होता. ते म्हणाले, “पद्धत वर्गात कोण चालवत होता?”

त्यानंतरच्या तुकड्यांना सरांच्या फळ्याची आठवण असेल. एका बाजूला आय-जी-एच-टीचे कुटुंब, दुसऱ्या बाजूला के-एनचे, खाली त्यांचे संस्कृत सोयरे. पन्नास वेळा लिहिण्याची शिक्षा त्यांच्या वर्गातून गेली ती कायमची. तुमच्यापैकी जे त्या फळ्यासमोर बसले, त्यांनी हे ध्यानात ठेवावे की त्या फळ्याची किंमत एका मुलाने आधीच चुकवली होती.

तो मित्र आज नाही. संगणकाची अक्षरजुळणी आली, खिळे भंगारात गेले आणि त्याचे कामही गेले. माझा प्रबंध पुढे छापला गेला तो त्यानेच जुळवला होता. प्रस्तावनेत मी अनेकांचे आभार मानले, त्याचे राहून गेले. तेच हे ऋण.

शाळेच्या चालकांना माझी एकच विनंती आहे. मराठी माध्यमाचे वर्ग विरळ होत आहेत, हे मी पाहतो. जी मुले आहेत त्यांना इंग्रजी शब्द एकेकटे पाठ करायला लावू नका. कुटुंबाने दाखवा, अक्षरे मोजायला लावा, त्यांच्या मराठी-गुजराती नातलगांशी भेट घडवा. खेळ म्हणून केलेत तरी चालेल, माझी नात खेळूनच शिकते आहे. आणि एखाद्याने विचारले, “ऐकू येत नाही ते का लिहायचे?” तर त्याला वही काढायला सांगू नका. त्याच्याजवळ बसा आणि ‘नक्त’पासून सुरुवात करा.

 सरांच्या आणि माझ्या त्या मित्राच्या स्मृतीला वंदन करून माझे व्याख्यान पुरे करतो.